माझ्या पाळीतली काच

बऱ्हाणपूरच्या बाहेर, केळीच्या मळ्यांना लागून कापड रंगवायचा एक कारखाना होता. त्याच्या बॉयलरवर मी चौदा वर्षं काढली. आमचे आजोबा रावेरकडून इकडे आले, वडील पावरलूमवर होते. लहानपणी आमच्या गल्लीत लूमचा खटखटाट इतका असायचा की घरातल्या घरातही आम्ही ओरडूनच बोलायचो. बारावीला मी बायोलॉजी घेतली होती, पण पुढं शिकणं जमलं नाही. ओळखीतून बॉयलरवर हेल्पर म्हणून लागलो, तिथंच काम शिकलो, इंदूरला जाऊन तोंडी परीक्षा दिली आणि बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट मिळवलं. बायकोनं ते फ्रेम करून देवघराच्या शेजारी टांगलं.

कोळसा टाकायला, म्हणजे फायरमन म्हणून, माझ्याबरोबर एक काका होते. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, खकनारकडचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, सर्टिफिकेटही नव्हतं, पण बॉयलर मला खरा शिकवला तो त्यांनीच. प्रेशरच्या घड्याळातला काटा बघायच्या आधी ते आवाजावरून सांगायचे, "प्रेशर उतरतंय, भाऊ." मी वयानं लहान असूनही मला ते भाऊ म्हणायचे, कारण कागद माझ्याकडे होता. त्यांच्या डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा असायचा. दुसऱ्याच महिन्यापासून काकी डब्यात चार भाकरी जास्त घालू लागल्या. "तिनं तुझ्या वाटणीच्या दिल्यात," काका म्हणायचे आणि डबा माझ्याकडे सरकवायचे. काकींना तोवर मी पाहिलंही नव्हतं.

बॉयलरच्या पुढच्या अंगाला एक उभी काचनळी असते, बोटाएवढ्या जाडीची. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. दर पाळीत ती वाफेनं झाडून साफ करावी लागते. त्याला आम्ही काच ब्लो करणं म्हणायचो. नळीवर जाड काचेचं एक कवच असतं. नळी फुटलीच तर तुकडे आणि वाफ माणसाच्या अंगावर येऊ नये म्हणून. काच ब्लो करायचं काम सर्टिफिकेटवाल्याचं, म्हणजे माझं.

मे महिन्यातली दुपार होती, अडीचच्या सुमाराची. कवच काजळीनं इतकं काळं झालं होतं की पाण्याची रेघ दिसेना. म्हणून सकाळीच मी ते काढलं, पुसलं आणि खिडकीत ठेवलं. काढताना नळीच्या खालच्या नटापाशी वाफेचा बारीक धूर दिसला होता. दुपारनंतर बॉयलर थंड करू तेव्हा नळी बदलू, असं मी मनाशी ठरवलं. कवच परत बसवायचं राहिलं. राहिलं म्हणजे विसरलो असंही नाही. दोनदा नजर गेली होती त्याच्याकडे.

तेवढ्यात साडूचा फोन आला. सासूबाईंचा इच्छापूरच्या देवीला नवस होता आणि सगळ्यांनी जायचं तर गाडी एक करायची की दोन, असा प्रश्न होता. आत आवाजामुळं ऐकू येईना म्हणून मी दाराबाहेर आलो आणि तिथूनच ओरडलो, "काका, तेवढी काच ब्लो करून घ्या!"

"हो भाऊ," आतून उत्तर आलं.

दोन गाड्या करायचं ठरलं. मी फोन खिशात ठेवत होतो तेव्हा ट्रकचा टायर फुटावा तसा आवाज झाला.

आत सगळं पांढरं झालं होतं. मी चाचपडत जाऊन नळीच्या वरचा आणि खालचा कॉक बंद केला, मग काकांना काखेत धरून बाहेर ओढलं आणि टाकीतलं पाणी बादलीनं त्यांच्या अंगावर ओतत राहिलो. चेहऱ्याची डावी बाजू, मान, छाती, दोन्ही हात. सदरा कुठं संपतो आणि कातडी कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. ते सारखे एकच विचारत होते, "पाणी किती आहे? भाऊ, पाणी बघ." मला वाटलं प्यायला मागताहेत. मग लक्षात आलं, ते बॉयलरमधल्या पाण्याचं विचारत होते.

कारखान्याच्या जीपमधून त्यांना दवाखान्यात नेलं. मीही निघालो होतो, पण सुपरवायझरनं थांबवलं. बॉयलर गरम होता आणि कारखान्यात त्या वेळी दुसरा सर्टिफिकेटवाला माणूस नव्हता.

अशा तऱ्हेनं मी तासभर तिथं एकटा राहिलो. जमिनीवर पाणी, काचेचे तुकडे, काकांची एक चप्पल. खिडकीत कवच तसंच होतं, स्वच्छ पुसलेलं. मी ते उचललं, गोणपाटात गुंडाळलं, मोठ्या पान्यानं फोडलं आणि त्याचे तुकडे नळीच्या तुकड्यांत मिसळले. मग गोणपाटात एकही तुकडा राहिला नाही ना, ते झटकून बघितलं. ते मला आजही सगळ्यात जास्त आठवतं.

दुसऱ्या दिवशी चौकशीला बॉयलर इन्स्पेक्टर साहेब आले. तुकडे बघितले.

"कवच होतं?"

"होतं, साहेब."

"मग फायरमननं काचेला हात का लावला? त्याला कुणी सांगितलं होतं?"

मी गप्प राहिलो. ते थोडं थांबले आणि मग त्यांनी स्वतःच काहीतरी लिहिलं. नंतर कळलं ते असं, की जुनी काच आणि फायरमननं परवानगी नसताना केलेली हाताळणी, ही अपघाताची कारणं. मी खाली सही केली.

काकांना इंदूरला हलवलं होतं. मी सुट्टी टाकून तिकडे गेलो आणि नऊ दिवस तिथंच राहिलो. काकींना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या वॉर्डाच्या बाहेर, बाकावर. "तूच ना तो, भाकरीवाला?" एवढंच त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. त्यांच्या मुलीला नुकतंच बाळ झालं होतं, ती शाहपूरला सासरी अडकलेली. दुसरं कोणी नव्हतं. तेव्हा काकांचं सगळं मीच केलं. वॉर्डात एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होते. त्यांनी मला हात कसे धुवायचे, चादर बदलताना माणसाला कसं वळवायचं, ओठांवर ओला कापूस कसा टेकवायचा हे शिकवलं. ड्रेसिंगच्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढायचे, पण मला आत ठेवायचे.

"तुम्ही काय काम करता?" त्यांनी एकदा विचारलं.

"बॉयलरवर."

"हात बघून वाटत नाही," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी काका थोडे शुद्धीवर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "नळी बदलली?"

"बदलली, काका."

त्यांनी डोळे मिटले. कवचाबद्दल त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते माहीत होतं का, काच ब्लो करताना त्यांच्या लक्षात आलं होतं का की समोर काही नाही, हे मला कधीच कळलं नाही. नवव्या दिवशी सकाळी ते गेले.

कामावर परतलो. नवीन नळी, नवीन कवच, कोळशावर नवीन माणूस. पाळी सुरू झाली की काच ब्लो करायला मी पुढं व्हायचो आणि कॉकला हात लावला की बोटं वळेनात. नव्या माणसासमोर लाज वाटायची म्हणून मी त्याला काहीतरी आणायला पाठवायचो आणि मग डोळे मिटून कॉक फिरवायचो. डोळे मिटून बॉयलर चालवणारा माणूस! घरी कुकरची शिट्टी झाली की मी उठून गच्चीवर जायचो. बायकोनं काही न विचारता कुकर माळ्यावर टाकला आणि वर्षभर डाळ पातेल्यात शिजवली. शनवाऱ्याच्या बाजारातल्या गर्दीत मला पाठमोरे काका दिसायचे, खांद्यावर ते नेहमी घ्यायचे तसाच चौकड्यांचा पंचा. मी मागं मागं जायचो. ते दुसरेच कुणीतरी निघायचे, आणि मला बरंही वाटायचं आणि वाईटही.

सहा महिन्यांनी मी काम सोडलं. घरातल्यांना सांगितलं की उष्णता सोसत नाही. बायको एका खासगी शाळेत शिकवत होती. ती म्हणाली, "सोड. पण नुसता घरात बसू नकोस, मला तुझी भीती वाटते."

त्या ब्रदरांचा नंबर माझ्याकडे होता. त्यांनीच डायलिसिसच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाचं सुचवलं. सेवा करावी असं काही माझ्या मनात नव्हतं. लोक तसं समजतात आणि मी ते खोडत नाही. मला एवढंच हवं होतं की काम असं असावं जिथं माझ्या हातून काही चुकलं तर ते माझ्याच नावावर लिहिलं जाईल, दुसऱ्याच्या नाही. सदतिसाव्या वर्षी अठरा-एकोणीसच्या मुलामुलींत जाऊन बसलो. ती मला अंकल म्हणायची आणि मशीन बिघडलं की माझ्याकडे यायची.

कारण मशीन मला लगेच कळलं. किडनी काम करेनाशी झाली की माणसाचं रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत सोडायचं. त्याला पंप लागतो, प्रेशर बघावं लागतं, आणि सगळ्यात आधी लागतं स्वच्छ पाणी. बॉयलरच्या पाण्यातला क्षार काढायला जी टाकी असते तशीच इथंही असते, तसंच तिला मीठ घालावं लागतं, तीच थेंबांची टेस्ट. थेंब टाकल्यावर पाणी लाल न होता निळं राहिलं की चालेल. डिप्लोमा संपल्यावर मला बऱ्हाणपुरातच एका दवाखान्याच्या डायलिसिस युनिटमध्ये काम मिळालं. पाच मशीन, एक डॉक्टर, मी आणि विशीतली एक टेक्निशियन मुलगी.

पाण्याची खोली मागं होती. सकाळी सहाला मी तिथं एकटा असायचो. पहिल्याच आठवड्यात काका तिथं आले. मिठाच्या पोत्यावर बसलेले दिसले, पंच्यानं वारा घेत. चेहरा चांगला होता, भाजण्याच्या आधीचा. मी टेस्ट केली, पाणी निळं राहिलं, वहीत लिहिलं आणि वळून बघितलं तर पोतं नुसतंच होतं. मी घाबरलो नाही. त्यानंतर ते अधूनमधून यायचे. बोलायचे नाहीत. मी टेस्ट कधी एकदाच करून सोडली नाही, दोनदा करायचो. ती मुलगी म्हणायची, "भैया, तुम तो पानी पे भरोसा ही नहीं करते." काका दिसतात हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी मलाच डॉक्टरकडे नेलं असतं. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

तीन वर्षं अशी गेली. मग एका मंगळवारी नव्या पेशंटची फाईल आली आणि व्हीलचेअरवर काकी आल्या.

साखरेनं त्यांच्या किडन्या गेल्या होत्या. पायांवर सूज, चेहरा राखेसारखा. त्यांनी मला ओळखलं आणि आख्ख्या खोलीला सांगितलं, "हा माझा मुलगाच समजा. यांच्या शेवटच्या दिवसांत ह्यानं जे केलं ते पोटच्या पोरानं केलं नसतं." बाकीच्या पेशंटनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मी त्यांच्या हातावरची शीर बोटांनी चाचपली. ऑपरेशन करून जोडलेल्या शिरेत एक थरथर लागते, वाफ चाललेल्या पाइपाला हात लावावा तशी. दोन सुया लावल्या. त्या ओठ घट्ट मिटून माझ्याकडेच बघत होत्या.

आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. मशीन चालू असलं की माणूस बोलतो. काकी काकांबद्दलच बोलायच्या. एकदा म्हणाल्या, "सगळं चांगलं केलं त्या माणसानं आयुष्यभर. शेवटी कशाला हात घातला त्या काचेला? आपलं काम नाही तिथं कशाला जायचं? आमच्या गल्लीत अजून म्हणतात, म्हाताऱ्याला लई शहाणपण होतं. जावईसुद्धा एकदा म्हणाला. मी पण म्हणते कधीकधी, फोटोपुढं उभी राहून. भांडते त्यांच्याशी."

मी त्यांच्या मशीनचा आकडा वहीत लिहीत होतो. तो तीनदा चुकीचा लिहिला.

त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग तिनं विचारलं, "कवच तू फोडलंस?" साडूच्या फोनचं, मी ओरडून सांगितल्याचं तिला काही वाटलं नाही. ती त्या एकाच गोष्टीपाशी अडकली. "हो," मी म्हणालो. "मग त्यांना सांग," ती म्हणाली. "पण मशीनवर असताना नको. त्यांना उठून जाता आलं पाहिजे."

शुक्रवारी डायलिसिस संपलं, सुया काढल्या, रक्त थांबलं. काकी खुर्चीत बसून जावयाची वाट बघत होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं. काहीही गाळलं नाही. गाडी एक की दोन, हेसुद्धा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नऊ दिवस तू माझ्या शेजारी बसला. माझ्या हातचा चहा पिला."

"हो, काकी."

"सहा वर्षं मी त्यांना बोल लावले."

तेवढ्यात जावई आला. त्या त्याच्या खांद्याला धरून उठल्या आणि गेल्या.

मंगळवारी त्या आल्या आणि टेक्निशियन मुलीला म्हणाल्या, "तू लाव सुया. ह्याला माझ्याजवळ येऊ देऊ नको." मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी पाण्याच्या खोलीत गेलो. पुढचे दोन महिने असंच चाललं. काकींचं मशीन मी लांबून बघायचो, आकडे मुलगी लिहायची. मला वाटलं होतं सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट काका यायचे बंद झाले. सकाळी सहाला ती खोली इतकी रिकामी वाटायची की मी दार उघडं ठेवून काम करायचो.

मग एक दिवस काकींनी त्या टेक्निशियन मुलीकरवी मला बोलावलं. त्या मशीनवर होत्या.

"जे मला सांगितलं ते गल्लीत येऊन सांग," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीला सांग, जावयाला सांग, शेजाऱ्यांना सांग. आणि त्या साहेबाच्या ऑफिसात लिहून दे. मला सांगून काय उपयोग? मी तर चालले."

ऑफिसात मी अर्ज दिला. तिथल्या बाबूनं तो वाचला, दोनदा माझ्याकडे वर बघितलं आणि म्हणाला, "फाईल बंद हो गई, भाई साहब. अब क्यों?" मी म्हणालो, शिक्का मारून पोच द्या. त्यानं दिली. त्यावर पुढं कधी काही आलं नाही. जुन्या कारखान्यातही गेलो. तिथला बॉयलर काढून नवीन बसवला होता, सुपरवायझर सोडून गेलेला. गेटवर मला ओळखणारं कुणी नव्हतं.

गल्लीत गेलो तो रविवार होता. काकींनी मुलीला शाहपूरहून बोलावून घेतलं होतं. ओट्यावर त्या खुर्चीत बसल्या होत्या, शेजारपाजारची दहा-बारा माणसं उभी होती. कशासाठी बोलावलंय ते कुणालाच माहीत नव्हतं, एकानं तर मला दवाखान्यातल्या मोफत इलाजाच्या कार्डाबद्दल विचारायला सुरुवात केली. बायको माझ्याबरोबर आली होती. मी उभा राहून बोललो. काच ब्लो करणं माझं काम होतं, कवच मी काढलं होतं, काकांना मी सांगितलं होतं, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून ते केलं. नंतर कवच फोडून खोटं मी बोललो. त्यांची यात काहीही चूक नव्हती. एवढं बोलायला दोन मिनिटं लागली असतील.

कुणीतरी "अरे बाप रे" म्हणालं. एक म्हातारे गृहस्थ वळून घरात गेले. काकींची मुलगी पुढं आली आणि तिनं माझ्या छातीवर दोन्ही हातांनी ढकललं, एकदा, मग पुन्हा. मी मागं सरत गेलो. बायकोनं मधे पडायचा प्रयत्न केला नाही. "निघा इथून," मुलगी म्हणाली. "परत ह्या गल्लीत दिसू नका." तिच्या मागून काकी ओरडल्या, जमलेल्या लोकांना, "ऐकलं ना सगळ्यांनी? बस! आता त्यांचं नाव काढाल तर नीट काढायचं."

आम्ही स्कूटरवरून राजघाटाकडे गेलो आणि ताप्तीच्या पायऱ्यांवर संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. बायकोनं मावा जिलेबी घेतली होती, ती पुडी तशीच मांडीवर धरून. "तू मला आधी का नाही सांगितलंस," तिनं विचारलं. रागानं नाही. मी म्हणालो, "तू गेली असतीस." ती म्हणाली, "कदाचित." मग आम्ही घरी आलो.

काकींची शीर हळूहळू खराब होत चालली होती. एका शुक्रवारी टेक्निशियन मुलीची सुई दोनदा चुकली, हात काळानिळा पडला. मुलीचे डोळे भरून आले. काकी म्हणाल्या, "रडू नको बाई. त्याला बोलव." मी गेलो. त्यांनी हात पुढं केला आणि तोंड खिडकीकडे वळवलं. मी थरथर शोधली, ती आता फार बारीक लागत होती. सुई एकदाच लावली. त्या दिवसापासून सुया मीच लावायचो. तोंड त्या नेहमी खिडकीकडेच वळवायच्या.

बोलणं मात्र पुन्हा सुरू झालं, वेगळं. आता त्या विचारायच्या आणि मी उत्तर द्यायचो. ते ओरडले का? ओरडले नाहीत. पहिल्यांदा काय बोलले? बॉयलरमधलं पाणी बघ म्हणाले. माझं नाव घेतलं? तेव्हा नाही घेतलं, इंदूरला चौथ्या दिवशी घेतलं. काय म्हणाले? विचारलं, तिनं जेवण केलं का. हे सगळं खरं होतं. एकदा मी त्यांना बरं वाटावं म्हणून थोडं वाढवून सांगायला लागलो तेव्हा त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "खोटं नको बोलू," म्हणाल्या. "मला आता तुझं खोटं ओळखू येतं."

एकदा मी विचारलं, "काकी, तुम्ही मला माफ केलं का?"

"ते माझ्या हातात नाही," त्या म्हणाल्या. "ज्याच्या हातात होतं तो गेला. तू ते प्रेशर बघ, वाजतंय."

मशीन खरंच वाजत होतं.

दीड वर्ष त्या आल्या. शेवटच्या महिन्यांत त्यांना मुलगी शाहपूरला घेऊन गेली आणि जावई मागं एक जण घेऊन त्यांना मोटारसायकलवर मधे बसवून आणायचा. एका मंगळवारी त्या आल्या नाहीत. फोन लावला तर जावयानं सांगितलं, पहाटे गेल्या, झोपेतच. दहन तिकडेच झालं. मला कुणी बोलावलं नाही आणि मी गेलो नाही.

बारा-पंधरा दिवसांनी दुपारच्या वेळी त्यांची मुलगी युनिटच्या दारात उभी दिसली. हातात बर्फाचा डबा होता. मला बघून तिचा चेहरा कडक झाला. मी बाजूला झालो, म्हणालो, डॉक्टर आहेत आत.

"डॉक्टरांकडे काम नाही," ती म्हणाली. तिनं डब्याचं झाकण उघडलं. आत रक्त वाढवायची तीन इंजेक्शनं होती, काकींसाठी आणलेली, न वापरलेली. "आईनं सांगून ठेवलं होतं. उरली तर फेकायची नाहीत. तुमच्याकडे द्यायची. म्हणाली, कुणाला लागतात ते तुम्हाला बरोबर कळेल."

मी तारीख बघितली, डबा नीट थंड आहे ना ते बघितलं. तिन्ही चालण्यासारखी होती. मी विचारलं, "पाणी घेणार?" तिनं मान हलवली, नको. मग जरा थांबून पाचही मशीनकडे बघितलं आणि विचारलं, "आई कुठं बसायची?"

मी खिडकीजवळची खुर्ची दाखवली. तिच्यावर त्या वेळी केळीच्या वखारीत काम करणारा एक जवान माणूस होता, तिसऱ्यांदाच आलेला, अजून घाबरलेला. त्याचं मशीन सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. त्यानं संकोचून पाय आखडले आणि विचारलं, "बसायचंय का ताई?"

"नाही, नाही. तुम्ही पडा," ती म्हणाली आणि गेली.

मी इंजेक्शनं डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, त्या केळीवाल्याला देऊन टाक, त्याला बाहेरून आणायला जमत नाहीये. पहिलं मी त्याच दिवशी दिलं, उरलेली दोन त्याचं नाव लिहून फ्रिजमध्ये ठेवली.